आसरांच्या वतीनं

७ जानेवारी, रविवार

आजचा खेळ पार वाया गेला. चूक माझीच.

तीन रविवार झाले आमची मंडळी त्या रानात शिरून. म्हणजे कागदावरच्या रानात, सोंगं घेऊन बोलत खेळायच्या खेळात. शब्बीरचा हकीम, कोंडीरामचा धनगर, पुढ्यात फासे आणि गोष्ट चालवायला मी. आज त्यांना पऱ्यांची राणी भेटायची होती. खेळाच्या पुस्तकात छापलंय की हे लोक माणसासारखे नाहीत, त्यांचं चांगलंवाईट आपल्या मापात बसत नाही. बरोबर आहे. पण चित्र काढलंय पंखवाल्या पोरीचं, आणि मीही तोंड उघडलं तर बाहेर आली रुसून बसलेली वरमाय. डोळे काय वटारले, खदाखदा हसले काय. शब्बीरनं तिला फूल दिलं. कोंडीराम म्हणाला, "ताई, ही तर आमच्या गल्लीतली वाटायली."

हसले सगळे. मीही हसले. आतून जळले.

सविता, कोंडीरामची बायको, नेहमीसारखी खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. ती खेळत नाही, ऐकते. आठवा लागलाय. याआधीची दोन पोटातच गेली, म्हणून तो तिला घरी एकटं ठेवत नाही. नाहीतर दुकानात नेऊन बसवतो. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, दिवसभर खडखडाट. त्यापेक्षा तुमच्याकडं बरं म्हणते.

पुढच्या वेळी पंख बंद. (कोंडीराम आता को. लिहिणार आणि शब्बीर श. हात दुखतो.)

९ जानेवारी, मंगळवार

लॅबमध्ये ज्वारीचं बियाणं. चारशे दाणे ओल्या कागदात ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. वीस वर्षं हेच. मोजताना डोकं रिकामं असतं, त्यामुळं खेळाचं सगळं मला तिथंच सुचतं.

दुष्ट करणं सोपं. दुष्टाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, म्हणजे तो आपल्यातलाच झाला. दयाळू करणं तर त्याहून सोपं. पण ज्याला राग नाही, कीव नाही, सूड नाही आणि माफी पण नाही, तो बोलेल कसा? 'का' हा प्रश्नच त्याला कळत नसेल. दिलं ते दिलं, एवढंच कळत असेल. पापणी लवत नसेल.

असं कोण असतं, असा विचार करता करता हसू आलं. आपल्याकडं विहिरीविहिरीवर बसल्यात की. सात दगड, शेंदूर. साती आसरा, पाण्यातल्या बाया. लहानपणी त्यांच्या रागालोभाचं कुणी काही सांगितलं नाही. भर दुपारी विहिरीवर एकटं जायचं नाही, बस. गेलं तर काय होतं विचारलं की पाठीत धपाटा.

पुस्तक मिटून कपाटात टाकलं.

११ जानेवारी, गुरुवार. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या.

को.च्या शेतात जेवायला, पालमच्या अलीकडं. श. पण आला, मेडिकलवर भावाला बसवून. कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. भज्जी, उंडे, आंबील. दोनदा वाढून घेतलं आणि पाय पसरून बसले.

विहीर बांधाला लागूनच. कडेला सात दगड, हिरव्या बांगड्या, सुकलेला दहीभात. को.ची आई, गंगाबाई, त्यांच्यापुढं आंबील शिंपडून आली आणि माझ्याजवळ टेकली. मी विचारलं, ती बोलली. आठवतंय तसं उतरवते.

"ह्याच्या आदी दोन पोरं गेली माझी. हे झालं तवा सासू म्हणली, आपलं म्हणून ठिवू नको. पाचव्या दिशी सुपात घातलं, हितं आणून ठिवलं. म्हणलं, घ्या बायांनो, तुमचं हाय हे. आन मागं न बघता घरी. मग नणंदंनं टोपलंभर कोंडा हिरीत टाकायचा, पोरगं इकत घ्यायचं आन मला आणून द्यायचं. म्हणून तर कोंडीराम."

"कोंडा टाकताना तुम्ही पाहिलं?"

"मी कशी बघू? मागं बघायचं न्हाई म्हणलं ना."

को. लांबून ओरडला, "झाली का माझी इक्री सांगून?" सगळे हसले. सविता तेवढी हसली नाही, पोटावर हात ठेवून विहिरीकडं बघत होती.

मी मनात म्हणाले, काय माल मिळाला. हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे खरं तर. आज वाटत नाही.

१४ जानेवारी, रविवार

आज जमलं. असं इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

राणी, रान, सगळं फेकून दिलं. गावातलं पाणी आटलंय, धनगर आणि हकीम एका विहिरीवर येतात. पाण्यात सातजणी उभ्या आहेत आणि ओल्या नाहीत. एवढंच सांगितलं. मग पापणी न लववता त्यांच्या वतीनं बोलायला लागले. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. सातजणी मिळून एकच वाक्य बोलतात.

श.नं सवयीनं फूल पुढं केलं.

"हे तोडलेलं आहे. जोड."

तो हसला. मग हसायचा थांबला.

को. म्हणाला, आमच्या गावाला पाणी पाहिजे. "गाव म्हणजे काय?" तो म्हणाला, माणसं. "माणसं पाण्यात येतात. आम्ही ठेवतो." तो म्हणाला, अवो, लेकरं तहानलीत. आणि माझ्या तोंडून आलं:

"सुपातला आमचा आहे. कोंडा आला नाही."

खालून ऑटो गेला तो ऐकू आला. को.चा चेहरा उतरलेला, फासे मुठीत तसेच. सविताच्या हातात अर्धी सोललेली शेंग.

मी खूश. काय सांगू किती खूश. खेळ तिथंच थांबवला, अशा जागी थांबवायचा असतो.

जिन्यात श. थांबला. "ताई, ये नक्को करना था. उसके घरकी बात है." मी म्हणाले, अरे खेळ आहे. "हौ," म्हणाला, "तुमच्यासाठी."

त्याला जरा जास्तच कळतं सगळं.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत.

सविता वाणाला आली नाही. कंबर दुखते म्हणे.

१७ जानेवारी, बुधवार

लॅबमध्ये असताना को.चा फोन.

"ताई, ते कोंड्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनंच की. येळवशीला, तुझ्यासमोर."

"आई म्हणली, टाकला. टाकला न्हाई हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी रचलं."

मागं कुणाची तरी मोटार घरघरून बंद पडली. मग म्हणाला, "बरं. सेलूला जाऊन येतो. आत्याकडं."

मी म्हणाले, येडा झालास का, एका खेळापायी गाडीनं सेलू गाठतोस. फोन ठेवलेला होता.

२० जानेवारी, शनिवार

आत्यानं कोंडा टाकला नव्हता.

हे वाक्य लिहून अर्धा तास झाला.

को. सकाळी आला होता, चहा घेतला नाही. आत्या आता थकली, सेलूला लेकाकडं असते. ह्यानं सरळ विचारलं. आधी हसली, मग रडायला लागली. त्या साली कुठं चारा नव्हता. घरची म्हैस चार दिवसांपासून उठत नव्हती. ही टोपलं घेऊन विहिरीकडं निघाली, तर वाटेत गोठा. म्हशीनं मान वर केली. हिनं टोपलं तिच्यापुढं ठेवलं. ते संपेपर्यंत उभी राहिली, मग विहिरीवर जाऊन पोरगं उचललं आणि वहिनीच्या मांडीवर दिलं. टाकला गं बाई कोंडा, म्हणाली. छत्तीस वर्षं कुणाला बोलली नाही, नवऱ्यालासुद्धा.

म्हैस जगली म्हणे.

"तुमाला कसं कळलं ताई?" हे त्यानं तीनदा विचारलं.

मला कळलं नव्हतं. शपथ. तो गेल्यावर वही काढली. त्या रविवारची तयारी दोन पानं आहे, माझ्याच गचाळ अक्षरात. गाव म्हणजे काय, आहे. फूल दिलं तर काय, आहे. कोंड्याचं वाक्य नाही. मागंपुढं पाहिलं, समासात पाहिलं, नाही. मी रचलं असं मला वाटत होतं. आता आठवायला बसले तर रचल्याचं काही आठवत नाही, नुसतं बोलल्याचं आठवतंय.

अंदाज असणार. दुष्काळातलं घर, बाई कोंडा कुणाला घालेल हे काय मला कळत नाही? अंदाजच.

२१ जानेवारी, रविवार

मी कळवलं होतं, आज खेळ नको. तरी को. आला. दाढी वाढलेली. सविताला शेजारणीकडं ठेवून आला होता. मागोमाग श. आला, माझ्याकडं बघतच बसला.

को.नं फासे बाजूला सारले. धनगर वगैरे काही नाही, स्वतःच बोलला.

"कोंडा आता टाकला तर?"

काय करणार. दहा वर्षं ओळखते त्याला. म्हणाले, "चालेल."

त्यानं मान हलवली. "हे तुमी म्हणलात. त्या न्हाई."

"त्याच म्हणाल्या."

"तुमची पापणी हलली. आन त्या 'चालंल' म्हणत न्हाईत, ताई. चालंल म्हणायला आदी माणसाचं अडलेलं दिसायला पायजे. त्यांना ते दिसत न्हाई. तुमीच शिकवलं आमाला."

खरंय, मीच शिकवलं. दर रविवारी, चांगलं घोटून घोटून. पुन्हा म्हणून पाहिलं, त्यांच्यासारखं, तर घशातून काही निघेना. श.नं क्रिकेटचं काहीतरी काढलं. को. उठून गेला.

२४ जानेवारी, बुधवार

सविता आली होती. एकटी, ऑटोनं. जिना चढून दम लागलेला. पाणी दिलं, ग्लास खाली ठेवायच्या आत बोलली.

"ताई, ह्यांच्या डोक्यात काय शिरलंय ठाऊक हाय का? म्हणायलेत, मी त्यांचा हाय. मला न्हेता आलं न्हाई म्हणून आपली दोन न्हेली. आता मी गेलो तर हे ऱ्हाईल."

"गेलो म्हणजे? जातोय कुठं?"

"रोज हिरीत उतरतात ताई. मोटार काढायला. दोरीवर."

मी म्हणाले, मी सांगते त्याला, सगळं खोटं आहे म्हणून.

"मी सांगितलं. तुमीबी सांगितलंच ना रचलंय म्हणून? मग आत्याचं खरं कसं निघालं, म्हणतात. तुमचं आता ऐकायचे न्हाईत ते. त्या बायांचंच ऐकतील." पोटावरनं हात फिरवला. "तुमी आणलं त्यांना. तुमीच बोला. पण खरं बोला, त्यांच्यासारखं. ह्यांना खोटं लगेच कळायलंय."

तिला खालपर्यंत सोडून आले. ऑटोवाल्याला हळू ने म्हणाले. वर येऊन भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

२६ जानेवारी, शुक्रवार

श.ला सगळं सांगितलं. मला बोलला नाही काही, बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं को.ला डॉक्टरकडं नेलं. को. तिथं अगदी शहाण्यासारखा बोलला, हसला, झोप येत नाही म्हणाला. गोळ्या लिहून दिल्यात. श. त्याला एका वेळी दोनच देतो. दुकानातल्या गड्याला पण सांगून ठेवलंय, ह्याला विहिरीत उतरू द्यायचं नाही, तूच उतर. गडी म्हणाला, "सायेब ऐकत्यात व्हय माजं?"

२८ जानेवारी, रविवार

कुणी आलं नाही. मी पण दार उघडं ठेवून बसले होते कशाला तर.

३१ जानेवारी, बुधवार

दया घालता येत नाही. घातली की तो ओळखतो. मग दयेशिवायच तो सुटला पाहिजे. त्यांच्याच स्वभावात कुठंतरी फट पाहिजे. आठवडाभर हेच डोक्यात. जेवणात मीठ दोनदा पडलं.

त्यांना कीव नाही. मान्य. सूड पण नाही, हेही त्यातच येतं की. मग दोन गर्भ नेले कशाला? नेले नाहीत. ते माणसांचं दुःख, त्यांचा संबंध नाही. पण हे को.ला सांगून पटणार नाही, पुरावा दाखवा म्हणेल.

दुपारी मोजता मोजता सापडलं. त्या पाण्यातल्या. पाण्यात दगड पडला की तो तेवढाच राहतो. वर्ष, महिना, काही नाही. म्हणजे त्यांनी पाहिला तो पाच दिवसांचा. ह्या छत्तीस वर्षांच्या मिशीवाल्याला त्या ओळखणारच नाहीत.

रजिस्टरवर हात आपटला इतक्या जोरात की शेजारच्या टेबलावरचे जोशी दचकले.

४ फेब्रुवारी, रविवार

आले सगळे. मीच फोन करकरून बोलावलं. सविता खिडकीपाशी, आज नुसती बसलेली, हातात काम नाही. श. दाराजवळ. फासे काढलेच नाहीत.

मी म्हणाले, विचार.

को. म्हणाला, "मी आलो तर पोरगं ऱ्हाईल का?"

"तू कोण?"

"कोंडीराम. सुपातला."

"सुपातला एवढा." हात धरून दाखवले. "तो रडतो. तू कोण?"

"मीच तो. मोठा झालो."

"मोठा म्हणजे काय?"

हे मी ठरवलं नव्हतं. 'तू कोण' पर्यंतच ठरलं होतं. आणि खरं सांगते, त्या घडीला मला खरंच माहीत नव्हतं मोठा म्हणजे काय. त्यानं सांगायला सुरुवात केली, खाल्लं, प्यालो, हातपाय वाढले, वर्षं गेली. मी ऐकत होते आणि शब्द कळत होते, पण त्यातून काही तयार होत नव्हतं.

"वर्षं कुठं गेली?"

तो माझ्याकडं टक लावून बघत होता. मीही बघत होते.

"तू तो नाहीस. तुझ्याशी आमचं काही नाही."

त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडला, चांगला आवाज काढून. श.नं त्याला खांद्याला धरलं, पाठ थोपटत राहिला. "मला वळखत न्हाईत त्या," एवढंच परत परत. "मला वळखतच न्हाईत."

सविता जागची उठली नाही. माझ्याकडं बघत होती. उपकार मानत असेल, असं वाटलं.

ते गेल्यावर चहा टाकला. गाळणी कुठं असते ते आठवायला वेळ लागला.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज काय झालं ते लिहून ठेवते. दहाच्या सुमाराला कागद उलगडला. पांढरे कोंब. शेजारी तपासणीचं कोरडं बियाणं. रोजचंच. आणि माझ्या ध्यानात येईना की हा कोंब म्हणजे तो दाणा. हे इथं आहे, ते तिथं आहे. एकातून दुसरं होतं हे वाक्य मला पाठ आहे, ते म्हणून पाहिलं, पण दिसेना. दोन मिनिटं असेल. जोशी म्हणाले, "मॅडम, चक्कर आली काय?" मग झालं पूर्ववत. चारशेपैकी तीनशे बासष्ट. जोशींकडून पुन्हा मोजून घेतलं, बरोबर निघालं.

घरी येताना ऑटोत दुसरं सुचलं.

को. तो नाही. मग तो कुठाय? त्यांच्या हिशेबी तो अजून सुपातच आहे, पाच दिवसांचा, रडतोय, आणि त्यांना मिळालेला नाही. मीच सांगितलं हे. त्यांच्या तोंडानं, भरल्या खोलीत.

कुणाच्या ध्यानात आलं नसेल. को.च्या तर नाहीच.

हे सगळं मी रचलेलं आहे. वही माझी, नियम माझे, आसरा माझ्या. हे मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरं वाटलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

को. हसत आला, दाढी करून. सगळ्यांसाठी हुरडा आणलेला. कालच एका विहिरीत उतरून मोटार काढली म्हणे, मजेत. आत्यालाही फोन करून सांगितलं, रडू नको, मिटलं सगळं. श.च्या पाठीत गुद्दा घातला. "चला की, खेळू. माझा धनगर बसलाय तिथंच विहिरीवर."

मी म्हणाले, थोडे दिवस थांबू. डोकं दुखतं.

सविता आली नव्हती. पाय सुजलेत.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी. पहाटे. दोघी धड आहेत. को.नं फोनवर तीच तीच गोष्ट चारदा सांगितली, रंग, केस, केवढी ओरडते. मी त्याच्याबरोबर रडले. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, निदान संध्याकाळपर्यंत.

सविताला आईबाप नाहीत, त्यामुळं दवाखान्यातून सासूबरोबर गावीच जाणार.

पाचवी शनिवारी येते. मोजून पाहिलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गंगाबाईचा फोन. उद्या पाचवी, तुमी यायचंच बाई, तुमच्यामुळं माझा लेक माणसात आला. नवं सूप आणलंय. न्हाई न्हाई, विहिरीवर कशाला न्यायचं, घरातच. सुपात घालून पाटापुढं ठेवायचं, सगळ्यांनाच ठेवतात, तुमाला नव्हतं का ठेवलं? नणंद पण आलीय सेलूहून, टोपलंभर कोंडा घेऊन. ह्या वेळी मी माझ्या हातानं टाकते म्हणतीय.

मग सविता बोलली. आवाज खाली. मागं बाळ कुरकुरत होतं.

"ताई, तुमच्या ध्यानात आलंय ना?"

"काय?"

"त्या अजून वाट बघायल्यात म्हणून."

फोन दुसऱ्या कानाला धरला. ती बोलतच होती.

"मला त्याच दिवशी कळलं. खिडकीपाशी बसले होते तवाच. पण हे वाचले, म्हणून गप ऱ्हायले. ह्यांना सांगू नका."

"सुपात घालू देऊ नको तिला. सरळ नाही म्हण."

"काय सांगून न्हाई म्हणू? खेळात म्हणल्या म्हणून? माझा जीव वरखाली व्हायलाय ताई. तुमी या. माझ्या शेजारी बसा. पण कायबी झालं, कुणीबी काय विचारलं, तरी तोंड उघडायचं न्हाई. एक शब्द न्हाई. त्यांना दुसरं तोंड न्हाई."

मी हो म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं, जमंल ना? जमेल म्हणाले.

पूजा दिवेलागणीला. फार तर तासभर. उभ्या जन्मात मी तासभर गप्प बसलेली नाही, शाळेत सगळ्यात जास्त मार मी बडबडीचा खाल्ला. म्हणून आज रजा टाकून दुपारी सराव केला. फोन बंद, खिडकी लावली, घरात मी एकटी. घड्याळ समोर ठेवून ओठ मिटून बसले. वीस मिनिटं चांगली गेली. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.

मग ऐकू आलं की मी बोलतेय, त्यांच्यासारखं, आवाज न चढवता.

काय बोलत होते ते लिहीत नाही.

सकाळी साडेआठची पालम गाडी आहे. श.नं जागा धरून ठेवतो म्हणून कळवलंय. सविताचा आता पुन्हा मेसेज आला, नक्की ना ताई, गप बसणार ना. नक्की, असं लिहून पाठवलं.